नाल्यावरची लाल दोरी

संदीपची पलटण नोव्हेंबरात त्याच दरीत चढली, जिथे त्याच्या वडिलांनी दोन हिवाळे काढले होते. फोनवर त्याने जागेचं नाव घेतलं नाही. फौजेत घेत नाहीत. एवढंच म्हणाला, "बाबा, तुमचा तो उभा नाला समोर दिसतोय."

हे हातातला चहा तसाच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "दोरी मिळाली का?"

मुलाला त्यांचा पहिला प्रश्न हा. बरा आहेस का, जेवलास का, हे मी विचारायचं.

ह्या आठवणी खरं तर ह्यांनी लिहायच्या. गावच्या माजी सैनिकांनी त्यांच्याकडे दोनदा मागितल्या, दोन्ही वेळा "बघू" म्हणाले. आता ते नाहीत. मी चौथीपर्यंत शिकले. फौज मी पाहिली ती क्वार्टरच्या खिडकीतून आणि पुढे शारजातल्या फोनवरून. पण हवालदार यशवंत जाधवांच्या घरात जन्म काढला, तेव्हा काय घडलं ते मला सरळ सांगता येतं.

आधी ती दरी सांगते. काश्मीरच्या वरच्या अंगाला आहे. नव्वदीच्या सुरुवातीला हे तिथल्या एका पोस्टवर सेक्शन कमांडर होते. पोस्टच्या खाली एक गाव. गावाचा मोठा भाग खडकाच्या आडोशाला, शाळा आणि मशीद तिथेच. चार-पाच घरं मात्र नाल्याच्या पलीकडे. घरं लाकडाची, खालच्या मजल्यावर गुरं आणि वर माणसं. गुरांची ऊब वर येते. बर्फ पडलं की रस्ता बंद होतो तो उन्हाळ्यापर्यंत. सुकवलेला शलगम, मका आणि सरपण ह्यांवर हिवाळा काढायचा. छपरावरचं बर्फ लाकडी फावड्याने रोज ढकलायचं, नाही तर छप्पर माणसांवर बसतं. बायका पाणी आणायला निघाल्या की आधी वरच्या उताराकडे बघतात, मग पाय उचलतात.

त्या नाल्याच्या उतारावर झाड नव्हतं. जिथे झाड टिकत नाही तिथून बर्फ सुटतं, असं हे सांगायचे. फौजेत त्याला एव्हलांच म्हणतात. गावातली माणसं म्हणत, पहाड उतरला. नवं बर्फ पडलं की तीन दिवस नाला ओलांडायचा नाही. ओलांडणं भागच असेल तर ऊन यायच्या आधी. एका वेळी एक माणूस. पाठीवरच्या पिट्ठूचे पट्टे सैल, म्हणजे झटक्यात टाकून देता येतो. आणि कमरेला लाल दोरी बांधून तिचं टोक मागे मोकळं सोडायचं. माणूस बर्फाखाली गेला तरी दोरी हलकी, ती वर राहते. ती धरून खणत जायचं. दोरीच्या टोकाला माणूस असतो.

पहिल्या हिवाळ्यात ह्यांच्या पोस्टचे दोन जवान त्या नाल्यात गेले. त्यांच्या दोऱ्या तुटल्या होत्या. ह्यांनी स्वतः दोघांना खणून काढलं. नाला जिथे वळतो तिथे एक मोठा दगड आहे, त्याच्या वरच्या अंगाला दोघं सापडले. जिवंत नव्हते. ती जागा ह्यांच्या डोक्यात पक्की बसली.

दुसऱ्या हिवाळ्यात बर्फ फार पडलं, म्हणून पलीकडच्या घरांतली माणसं शाळेत हलवली. दोऱ्या जवानांपुरत्याच होत्या. गुलाम नबी नावाचा एक मुलगा रडत होता. ह्यांनी आपली दोरी सोडून त्याच्या कमरेला बांधली आणि त्याला पुढे घालून नाला पार केला. त्या दिवशी काही झालं नाही. पण रजेवर आले की संदीप तीच गोष्ट मागायचा. ती ऐकून झाली की माझा टॉवेल कमरेला बांधून, टोक मागे सोडून अंगणात नाला ओलांडायचा. धाकट्या वैशालीला गुलाम नबी करायचा. ती रडत नसली तर चिमटा काढून रडवायचा.

हे रिटायर झाले आणि दोन वर्षांत आम्ही शारजाला आलो. हमरिया फ्री झोनमधल्या, गोठवलेल्या कोंबड्या ठेवायच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये ह्यांना काम मिळालं. एजंटने थंडीची सवय असलेला माणूसच मागितला होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे वीस. हे म्हणायचे, "आधी सरकारने बर्फात ठेवलं, आता कोंबडीवाल्यांनी." फोरमन केरळचा, कुट्टी. तो ह्यांना नावाने कधी हाक मारत नसे, हवालदार म्हणायचा. वैशाली इंडियन स्कूलमध्ये जायची. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. संदीप गावी आजीजवळ राहिला आणि अठरा पूर्ण होताच भरती झाला. वडिलांच्याच पलटणीत. मी नको म्हटलं होतं. माझं कोणी ऐकलं नाही.

शारजात पाऊस हिवाळ्यात पडतो, तोही चार-दोन दिवस. रस्त्यांना गटारं नाहीत, गाड्या पाण्यात बंद पडतात, दुबईला जाणारे लोक अर्धा दिवस रस्त्यावर अडकतात. तरी सगळी बिल्डिंग खाली उतरून भिजते. हे मात्र खिडकीत उभे राहायचे. त्यांच्या ध्यानात आलं होतं की जे ढग इथे बरसतात तेच पुढे इराणवरून तिकडे जातात. इथे पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत त्या दरीत बर्फ. आधी मी हसले. मग दोन हिवाळे बघितलं, तसंच व्हायचं.

संदीप त्या दरीत गेला त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत सोमवारी आणि मंगळवारी शारजात मुसळधार पाऊस झाला. वैशालीच्या शाळेला सुट्टी मिळाली. "आई, लेट्स गो डाउन! प्लीज!" म्हणून ती माझा हात ओढत होती. हे खिडकीतून म्हणाले, "उद्या रात्रीपर्यंत पोचेल."

मंगळवारीच संध्याकाळी संदीपचा फोन आला. पोस्टवरून आठवड्याला एकदा, दोन मिनिटं.

"आई, आज काय केलंस?"

"बांगड्याचं तिखलं."

"छळतेस तू. इथे रोज डबाबंद भाजी. बाबा आहेत का?"

ह्यांनी फोन घेतला. "पाऊस झाला इथे."

"म्हणजे आता आमची पाळी. बाबा, गुलाम नबी इथेच बसलाय. आमचा पोर्टर आहे. तुम्हाला सलाम सांगतोय. अजून सगळ्यांना सांगत असतो, हवालदार साहबने रस्सी दी थी."

"त्याला सलाम सांग. आणि ऐक. दोरी कुणाला द्यायची नाही. ऑर्डर समज."

"यस, हवालदार साहेब!"

"चेष्टा नकोय, संद्या."

"नाही देणार, बाबा."

लाइन गेली.

बुधवारी रात्री तिकडे बर्फ सुरू झालं. शुक्रवारी पहाटे थांबलं. वरच्या उतारावर बोजा फार झाला होता. पलीकडच्या घरांना धोका, म्हणून पोस्टच्या साहेबांनी हुकूम दिला की ऊन यायच्या आत माणसं शाळेत आणा. संदीप, आणखी पाच जवान आणि पोर्टर म्हणून गुलाम नबी गेले. एकेक माणूस, अंतर ठेवून, सगळे नाला पार झाले. शाळेत मोजणी केली तर एक कमी. गुलाम नबीची धाकटी बहीण जाहिदा, सहा-सात वर्षांची. ती गोठ्यात गाईला टेकून झोपली होती. आईला वाटलं काकूबरोबर आहे, काकूला वाटलं आईबरोबर. हिवाळ्यात त्या घरांतली पोरं कुणाच्याही पांघरुणात झोपतात, म्हणून दोघींनीही विचारलं नाही.

तोवर ऊन वरच्या धारेवर आलं होतं. गुलाम नबी कुणाला न विचारता परत निघाला. त्याच्यामागे संदीप. पोस्टचे साहेब आणि संदीप (सेटवर त्याचं नाव ब्राव्हो) ह्यांचं रेडिओवर काय बोलणं झालं ते सुभेदार काशीराम पवारांनी पुढे सांगितलं. पवार साहेब ह्यांचे जुने सोबती. तेव्हा ते खाली बेसला होते आणि त्यांच्याजवळ सेट चालू होता.

"ब्राव्हो, सन इज अप. शामतक रुको. ओव्हर."

"सर, बच्ची अकेली है. घर दबेगा तो शामतक नहीं बचेगी. ओव्हर."



"ओके. जल्दी. आउट."

ते दोघं गोठ्यात पोचले. मुलगी मिळाली. परत येताना गुलाम नबी पुढे पाय रोवत चालला, मागे मुलगी, तिच्या मागे संदीप. अलीकडच्या काठावरून जवानांना मुलीच्या मागे लाल दोरी ओढत येताना दिसली. नाल्याच्या मधोमध असताना पहाड उतरला.

शारजात तेव्हा सकाळ होती, शुक्रवारची सुट्टी. मी ओट्यापाशी कोळंबी सोलत होते. ह्यांचा मोबाइल वाजला. ह्यांनी स्पीकर लावला, कारण त्यांचे हात ओले होते.

"जाधव, पवार बोलतोय. बसलायस का?"

"उभा आहे साहेब. बोला."

"नाला सुटला. संदीप आत आहे."

"किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं. पोर्टरही आहे."

"दोरी?"

"दिसतेय. लाल दोरी वर आहे. पोरं पोचलीत. खणतायत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोरी दिसली," म्हणाले. मी तिथेच लादीवर बसले. दोरीच्या टोकाला माणूस असतो हे मला त्या घरात हजार वेळा ऐकून माहीत होतं.

फोनमधून सेटची खरखर ऐकू येत होती. वैशाली उठून दारात आली. कोणीतरी सेटवर मोठ्याने बोललं, त्यातला शेवटचा शब्द आम्ही सगळ्यांनी ऐकला. अलाइव्ह.

"ही इज अलाइव्ह! आई, ही इज अलाइव्ह!" वैशाली माझ्या गळ्यात पडली. ह्यांनी भिंतीला हात टेकला. माझ्या हाताला कोळंबीचा वास होता, तसाच मी पोरीच्या पाठीवर ठेवला.

मग पवारांचा आवाज आला. "जाधव."

"साहेब."

"दोरीला मुलगी आहे. पोर्टरची बहीण. जिवंत आहे."

मी खालूनच विचारलं, "आणि आपला?"

ह्यांनी फोन तोंडाजवळ धरला. आवाज पोस्टवर असताना असेल तसा झाला.

"साहेब, मुलगी त्याच्या पाठीवर होती की चालत होती?"

पवारांनी सेटवर विचारलं. उत्तर आलं. "चालत होती. सगळे म्हणतात चालत."

"किती खोल मिळाली?"

"हातभर."

"मग ती हलकी, वर राहिली. तो जड, तो खाली वाहून गेला असणार. नाला वळतो तिथे मोठा दगड आहे. त्याच्या वरच्या अंगाला खणायला सांगा. आमचे दोघं तिथेच मिळाले होते."

"पोस्टचे साहेब म्हणतायत दोरीच्या आसपास आधी सळयांनी प्रोब करू."

"वेळ जाईल. वळणावर, पवार साहेब. मी तो नाला बघितलाय."

पवारांनी तसंच वर कळवलं. तिथल्या पलटणीत कोणी ह्यांच्याइतकं तो नाला ओळखत नव्हतं. साहेबांनी मानलं. सगळी माणसं वळणावर उतरली. लांब लोखंडी सळया बर्फात खुपसत, ओळ धरून, पुढे सरकत राहिली. गावातले म्हातारेही लाकडी फावडी घेऊन आले. हे फोन कानाला लावून उभे. मधूनमधून मला सांगत होते, आता ओळ पुढे घेतील, आता सळया आडव्या लावून बघतील. जसं काही हे तिथेच आहेत.

दुपार झाली. फोन तापला, चार्जरला लावून बोलत राहिले. जेवण कोणी केलं नाही. कोळंबी वास मारायला लागली तेव्हा मी उठून टाकून दिली.

तिथे ऊन चढलं तसं वर पुन्हा बर्फ तडकल्याचा आवाज आला. पवार म्हणाले, "जाधव, साहेबांनी माणसं मागे घेतली."

मी ओरडले. "अहो, त्यांना सांगा खणायला! तुमचं ऐकतात ना, सांगा!"

हे फोनमध्ये म्हणाले, "बरोबर आहे साहेब. मीही घेतली असती." फोन ठेवला. मग मला म्हणाले, "तिथे वीस पोरं उभी आहेत. त्यांनाही आया आहेत."

त्या संध्याकाळी पुन्हा बर्फ सुरू झालं आणि चार दिवस पडत राहिलं. नाला भरून गेला.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले. मी अडवलं नाही. दुपारी कुट्टीच ह्यांना गाडीत घालून घरी घेऊन आला. फ्रीझर रूममध्ये वीस मिनिटांच्या वर थांबायची परवानगी नव्हती. हे जॅकेट काढून आत उभे होते. कुट्टी मला दारात म्हणाला, "भाभी, मैं बोला, हवालदार, खलास, बाहर आओ. सुना ही नहीं. हाथ पकड के लाया." मी कोमट पाण्याच्या बादलीत ह्यांचे पाय बुडवले. रागावले खूप. एक गेला तो गेला, तुम्ही कुठे निघालात, म्हटलं. हे पायांकडे बघत म्हणाले, "नुसत्या शर्टावर किती वेळ शुद्ध राहते, ते बघत होतो."

संदीप जूनमध्ये सापडला. आम्ही त्याआधीच गावी येऊन राहिलो होतो. बॉडी घेऊन पवार साहेब स्वतः आले. सलामी झाली, अग्नी दिला. घरात चूल पेटवली नव्हती, शेजारून पिठलं-भात आला होता. पवार साहेब ह्यांना घेऊन मागच्या पडवीत बसले. बराच वेळ बसले होते. ते गेले आणि हे स्वयंपाकघरात आले.

म्हणाले, "वळणावर नव्हता."

मी पिठल्याचं भांडं पुढे ओढलं.

"मुलीला काढलं, त्याच खड्ड्याखाली होता. दीड हात. खणलेलं बर्फ त्याच्याच अंगावर टाकलं आणि मी सांगितलं म्हणून सगळे खाली गेले."

मुलगी आठ-दहा दिवस बोलली नव्हती. बोलली तेव्हा म्हणाली, भाईजानने उचलून वर धरलं होतं. चालत होती हे खरं. पहाड उतरला तसं त्याने तिला उचललं. ते काठावरून कोणाला दिसलं नाही. तिला वर धरून तो तिच्या खाली उभाच राहिला होता. गुलाम नबी जूनमध्येच मिळाला. तो वळणावर होता, मोठ्या दगडाच्या वरच्या अंगाला.

डॉक्टरने लिहिलं की संदीप लगेच गेला, खणलं असतं तरी उपयोग नव्हता. लिहिलंय ते खरं धरायचं, असं मी ठरवलं. ह्यांनी ठरवलं नाही.

मी पिठलं-भात वाढला. म्हटलं, "दोन घास खा." ह्यांनी खाल्ले. ह्यापेक्षा जास्त आम्ही त्यावर कधी बोललो नाही. ऑर्डर दिली होती, दोरी द्यायची नाही. पण पोरगा लहानपणापासून गोष्ट ऐकत आला होता. मी ती गोष्ट सांगू नका असं कधी म्हटलं नव्हतं. मलाही ती आवडायची.

त्यानंतर आम्ही परत शारजाला गेलो. वैशालीची शाळा होती, ह्यांची नोकरी होती. पुढच्या हिवाळ्यात पहिला पाऊस पडला तेव्हा हे खिडकीत उभे राहिले आणि मग मोबाइल घेतला. मला कळेना, आता कोणाला फोन. पवारांकडून ह्यांनी दरीतल्या त्या गावच्या शाळेतल्या फोनचा नंबर मिळवला होता.

"मास्टरजी, शारजासे हवालदार जाधव. इधर बारिश हुई है. परसों तक उधर गिरेगा. नाला मत पार करने देना."

पलीकडून मास्तर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. हे म्हणाले, "हां, मालूम है आपको. फिर भी."

दर पावसाला असंच. कधी फोन लागायचा नाही, तेव्हा रात्रभर लावत बसायचे. काही वर्षांनी फोनवर जाहिदा यायला लागली. ती ह्यांना बाबा म्हणायची. ह्यांनी तिच्याशी दुसरं काही बोलणं कधी वाढवलं नाही. कशी आहेस, एवढंही नाही. पाऊस पडला, नाला बंद ठेवा, बस.

आता मी वैशालीकडे दुबई मरीनाला असते. खूप वरचा मजला आहे. पाऊस पडला की नातवंडं बाल्कनीत नाचतात आणि मला बोलावतात, "आजी, कम फास्ट!" मी आधी फोन लावते. माझं हिंदी ह्यांच्यासारखं नाही. मी म्हणते, बेटा, इधर पाऊस आया. जाहिदा म्हणते, "अम्मी, मालूम है. सबको बोल दिया." मग मी बाल्कनीत जाते.

पोस्टवर दगड बसवलाय, त्यावर एक नाव आहे. पोर्टर फौजेचा धरत नाहीत. इथे लिहिणारी मी आहे, म्हणून दोन्ही लिहिते. शिपाई संदीप यशवंत जाधव. पोर्टर गुलाम नबी. दोघंही एकाच वयाचे होते. दोघांच्याही कमरेला दोरी नव्हती.